दुखणं खांद्याला, सुई नडगीला

कारेगावात ताईबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो कालच्याच गाडीनं बिहारहून उतरलेला असणार. आणि तोही चार दिवसांत त्यांच्या हातची भाकरी खाऊन त्यांना 'मौसी' म्हणायला लागतो.

ताईबाईंचं माहेर निमोणं. लग्न होऊन कारेगावात आल्या तेव्हा रांजणगावची एमआयडीसी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आज जिथं कंपन्यांच्या बसगाड्या वळतात, तिथं त्या रोजानं ज्वारी काढायला जायच्या. मग कंपन्या आल्या. ज्वारी गेली, पण ज्वारीच्या भाकरीला गिऱ्हाईक वाढलं. ताईबाईंच्या लेखी औद्योगिक विकास तो एवढाच. आधी कँटीन, मग मेस, आणि गेली सहा वर्षं ईश्वरशेठच्या गेस्ट हाऊसचं स्वयंपाकघर. ईश्वरशेठ निमोण्याचाच, त्यामुळं मालक असूनही तो त्यांना 'मावशी' म्हणायचा आणि मावशी त्याला मालकासारखं बोलू द्यायच्या नाहीत.

गेल्या दिवाळीच्या आधी गेस्ट हाऊसवर नऊ चिनी उतरले. एका कंपनीत नवी लाईन बसवायची होती, त्या मशिनींचे हे कारागीर. ताईबाईंनी आठ दिवसांत त्यांचा स्वयंपाक शिकून घेतला. "काय अवघड न्हाई," त्या सुनेला सांगायच्या, "भाजी अर्धी कच्ची ठिवायची. ती झाली म्हंजी झाली." रविवारी मात्र भाकरी आणि पिठलं. ते खायला चिन्यांबरोबर कंपनीतले चार साहेबही शिरूरहून गाडी काढून यायचे, म्हणजे भाकरीचा बोलबाला किती ते समजून घ्या.

आणि दिवाळी सरता सरता ताईबाईंचा उजवा खांदा धरला.

धरला म्हणजे असा, की हात छातीच्या वर जायलाच तयार नाही. मागं जायची तर गोष्टच सोडा. ताईबाईंनी हे दुखणं एखाद्या चोरीच्या मालासारखं लपवलं. वरच्या फळीवरची मिठाची बरणी त्या स्टुलावर चढून डाव्या हातानं काढू लागल्या. वेणी घालून घ्यायला सून सीमापुढं बसू लागल्या, वर "तुला हौस हाय म्हणून बसते हां," असं तिलाच ऐकवू लागल्या. पण भाकरी कशी लपवणार? भाकरी थापायला जोर खांद्यातून लागतो. गोल गरगरीत भाकरी एका बाजूला ओघळायला लागली. एका रविवारी ईश्वरशेठनं ती ताटात उचलून धरली.

"मावशी, ही भाकरी हाय का आपल्या तालुक्याचा नकाशा?"

"खायची का बघत बसायची?"

"खातो की. ही घोडनदी आली, हे निमोणं..." मग तो जरा गंभीर झाला. "खरं सांगा, हात दुखतोय ना? मार्चअखेरीला लाईन चालू होणार. गच्चीवर पंगत हाय, पन्नास माणूस. साहेब लोकांनी आत्तापासून सांगितलंय, भाकरी पायजे. शंभर तरी लागतील. हातानं झाल्या तर तुमच्या. न्हाई तर मी मशीन घेतो, आन् मशीनवर माणूस बसवतो. मग तुम्ही घरी आराम करा."

आराम हा शब्द ताईबाईंना शिवीसारखा लागला. त्यांच्या घरात आरामाला आधीच एक माणूस होता: त्यांचा नवरा, मच्छिंद्रआबा. आबा वॉचमनकीतून रिटायर होऊन दारातल्या खुर्चीत बसले होते आणि ती खुर्ची एकाच माणसाची होती.

खांद्यावर घरातल्या प्रत्येकाकडं इलाज होता. आबांचा विश्वास फक्त इंजेक्शनवर. जे औषध टोचत नाही ते औषध नाही, आणि सलाईन लागलं तर आजाराची इभ्रत वाढते, असं त्यांचं मत. त्यांनी ताईबाईंना चौकातल्या दवाखान्यात नेऊन कमरेत दोन टोचून आणली. कमरेचं दुखणं वाढलं, खांदा होता तिथंच. सीमा लसूण घालून कढवलेल्या तिळाच्या तेलानं रोज चोळायची. आणि मुलगा सम्राट म्हणायचा, "आई, शिरूरला चल. एक्स-रे काढू, फिजिओथेरपी करू."

"एक्स-रे काढायला रजा काढावी लागती. मी रजा काढली की ईश्वर मशीन काढतो. तुझ्या एक्स-रेत मशीन दिसंल का?"

सम्राट एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर नटबोल्टाची मापं घ्यायची, जे बसत नाही ते रिजेक्ट करायचं. हीच सवय त्याला रविवारीही सुटत नसे. रविवारी विहारात वंदना झाली की तो अर्धा तास अंधश्रद्धेवर बोलायचा आणि भगत, उतारा, अंगारा, लिंबू असं एकेक रिजेक्ट करायचा. ताईबाई पुढच्या रांगेत बसून मान डोलवायच्या. त्यांच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा पाण्यात सोडला होता. त्या घरात धूर फक्त चुलीचा होतो, हे त्या अभिमानानं सांगायच्या.

अशा बाईपुढं हान साहेब धूर घेऊन उभा राहिला.

हान साहेब म्हणजे नऊ चिन्यांतला सगळ्यात म्हातारा. साठीला टेकलेला, केस काळे, बोलणं कमी, आणि हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. ताईबाईही गरम पाणीच प्यायच्या, त्यामुळं दोघांत एक शब्दही न बोलता स्नेह जमला होता. एका सकाळी तो थर्मास भरायला स्वयंपाकघरात आला आणि त्यानं ताईबाईंना स्टुलावर डाव्या हातानं झोंबताना पाहिलं. त्यानं बरणी काढून दिली. मग खांद्याकडं बोट केलं. मग ताईबाईंच्या तोंडाकडं बघून स्वतःची जीभ बाहेर काढली.

ताईबाई बघतच राहिल्या. साठीचा माणूस, आणि वेडावून दाखवतोय? त्यांनीही कमरेवर हात ठेवून चांगली लांब जीभ काढून दाखवली. "घे! तुलाच येतंय व्हय?"

हान साहेब खूश झाला. वाकून त्यानं जीभ नीट निरखली, मान हलवली, मनगट धरून तीन बोटांनी नाडी पाहिली, आणि खिशातून मोबाईल काढून त्यात काहीतरी बोलला. मोबाईलमधली बाई हिंदीत म्हणाली, "आपके कंधे में ठंडी हवा घुस गई है।"

"त्यात काय नवीन? वात हाय," ताईबाई म्हणाल्या. "आमच्या आईलाबी हुता."

मोबाईलमधल्या बाईनं मग हळूहळू सगळं उलगडलं. हान साहेबाचे वडील त्यांच्या गावचे डॉक्टर. डॉक्टर म्हणजे भाताची शेती करणारे आणि पेटी उचलून घरोघर जाणारे. सुया, शेक, काचेचे पेले, एवढंच त्या पेटीत. मुलगा मशिनी बसवायला शिकला, पण पेटी त्याच्या बॅगेत कायम असायची. त्यानं खोलीतून पेटी आणली. तिच्यातून विडीसारखी पण अंगठ्याएवढी जाड एक काडी काढली, गॅसवर पेटवली आणि धूर निघायला लागल्यावर ताईबाईंच्या खांद्याकडं आणली.

ताईबाई ओट्याला टेकेपर्यंत मागं सरकल्या. अंगारा-धुपारा! तेही आपल्या स्वयंपाकघरात! त्यांनी मोबाईल ओढून घेतला आणि थेट उलटतपासणी सुरू केली.

"मंतर बोलनेका क्या?"

हान साहेबानं ऐकून मान हलवली. नाही.

"लिंबू? नारळ?"

नाही.

"कोंबडं कापनेका?"

हान साहेबाचा चेहरा उजळला. मोबाईलमधली बाई म्हणाली, "क्या आज खाने में मुर्गी है?"

ताईबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी त्या काडीचा वास घेतला, पुन्हा घेतला. ओळखीचा होता. हान साहेबानं मोबाईलवर काडीत भरलेल्या पाल्याचा फोटो दाखवला. कातरलेली, पांढुरकी पानं. "दवण्याचा चुलतभाऊ हाय की ह्यो," ताईबाई म्हणाल्या. "आमच्याकडं लोक दवणा देवाला वाहत्यात. तुम्ही खांद्याला शेकता. हे बरं हाय. शेका."

शेक बरा वाटला. दोन दिवसांनी हान साहेबानं काचेचे पेले काढले, आत पेटता बोळा फिरवून ते पाठीवर एकेक चिकटवले. यावर तर ताईबाईंना काही सांगावंच लागलं नाही. "ही तुंबडी! लहानपणी निमोण्यात वैदीण यायची, शिंगाची तुंबडी घिऊन. ती तोंडानं वढायची. ह्यो इस्तवानं वढतोय. शिकलेली माणसं, तोंडाला तरास देत न्हाईत."

अडलं ते सुईपाशी. केसाएवढी बारीक सुई, बंद पाकिटातली, त्यांच्यासमोर फोडलेली. ताईबाईंनी खांदा पुढं केला. हान साहेब खाली बसला आणि त्यानं पायाला हात घातला. गुडघा आणि घोटा यांच्या बरोबर मध्ये, नडगीच्या बाहेरच्या अंगाला त्यानं अंगठ्यानं दाबून जागा शोधली.

"अवो, खांदा वर हाय!"

हान साहेबानं ऐकलं नाही.

"दुखणं रेड्याला आन् डाग पखालीला!" ताईबाई ओरडल्या. मोबाईलमधल्या बाईनं याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण हान साहेब बराच वेळ मोबाईलकडं बघत बसला. मग त्यानं सुई टोचली, हलकेच फिरवली आणि खुणेनं सांगितलं, हात उचला. पायातून एक झिणझिणी वर गेली. ताईबाईंनी घाबरत हात उचलला. छातीपाशी अडायचा तो हात चार बोटं वर गेला. फार नाही, चारच बोटं. पण तीन महिन्यांत ती चार बोटं कुणी दिली नव्हती.

"तुम्ही बुद्धाचे ना?" ताईबाईंनी त्याला कौतुकानं विचारलं.

"मेरी दादी मंदिर जाती थी," मोबाईल म्हणाला. "मैं मशीन लगाता हूँ।"

"मग या रविवारी विहारात. शिकवते."

रविवारी हान साहेब आला नाही, पण त्याची करामत विहारात पोचली. त्याचं झालं असं. पंगतीसाठी ताईबाईंना नवा ब्लाऊज शिवायचा होता. सीमा घरीच शिवणकाम करायची. ती माप घेत असताना शेजारच्या गीताबाई आपला ब्लाऊज न्यायला आल्या आणि त्यांना ताईबाईंच्या पाठीवर जांभळे, गोल, रुपयापेक्षा मोठे सात वण दिसले. गीताबाईंनी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी तो रविवारसाठी राखून ठेवला.

त्या रविवारी सम्राटचा विषय होता डाग देणे. जानेवारीची कोवळी उन्हं खिडकीतून येत होती, वंदना झाली होती, सम्राटला चांगला सूर लागला होता. "आजही काही ठिकाणी पोट दुखलं की लेकराला तापलेल्या सळईचा डाग देतात. हा इलाज नाही, हा गुन्हा आहे. प्रत्येकानं आपल्या घरापासून सुरुवात केली पाहिजे."

"मग कर की," मागून गीताबाई म्हणाल्या.

"काय मावशी?"

"घरापासनं कर म्हणते. तुझ्या आईच्या पाठीला सात डाग हायेत. मी मोजल्यात."

माईकनं एक शीळ घातली. सगळा विहार ताईबाईंच्या पाठीकडं बघायला लागला. बसल्या होत्या पुढच्या रांगेत, त्यामुळं पाठ सगळ्यांनाच सोयीची होती. सीमानं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. आबा खुर्चीतल्या खुर्चीत सरकले.

"आई?" सम्राट म्हणाला. त्या एका शब्दात त्याची सहा वर्षांची भाषणं लटकत होती.

ताईबाई डावा हात टेकून उठल्या. "डाग न्हाईत. तुंबड्या हायेत. आपल्या वैदिणीच्याच, चीनहून आलेल्या. मंतर न्हाई, लिंबू न्हाई, मी आधी इचारून घेतलंय."

"अगं, पण त्याला काही आधार? काही पुरावा?"

"हात वर जातोय."

"तुला वाटतंय."

"बरं, मला वाटतंय. तू दर रविवारी काय सांगतो? बुद्ध म्हणलेत, मी सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. मग तपास की! मी कवा न्हाई म्हणले?"

विहारात टाळी पडली. पहिली गीताबाईंचीच होती. त्यांना कुणाची बाजू घ्यायची नव्हती, फक्त गंमत कमी पडू द्यायची नव्हती.

क्वालिटीच्या माणसाला 'तपास' म्हणणं म्हणजे बैलाला पेंड दाखवणं. सोमवारी सकाळी सम्राटनं सीमाची शिवणकामाची टेप घेतली आणि दाराशेजारच्या भिंतीवर जमिनीपासून वर चिकटवून टाकली.

"आता मी मापं कशानं घेऊ?" सीमा म्हणाली.

"भिंतीपाशी उभं करून घे," सम्राट म्हणाला आणि नियम सांगायला लागला. "आई, हात नुसता उचलायचा नाही. तू झटका देतेस, त्यात रीडिंग खोटं येतं. भिंतीला तोंड करून उभी राहा. बोटं भिंतीवर टेकव. आता पालीसारखी बोटं एकेक करत वर चढव. अडलं की थांब. पाच मोज. ते रीडिंग. सकाळी तीन, संध्याकाळी तीन. सरासरी मी काढणार."

"सहा येळा? रोज? नटबोल्ट हाय का मी?"

"एका रीडिंगवर पीस पास करत नाही आम्ही."

कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटला. तारीख, रीडिंग, आणि शेवटचा रकाना साक्षीदाराचा. तिथं आबा सही करायचे. वॉचमनकीत त्यांनी तीस वर्षं रजिस्टर भरलं होतं, आता खुर्चीला काम मिळालं. कधी ताईबाई दमून म्हणायच्या, "आज ऱ्हाऊ द्या, कालचंच लिवा." आबा पेन खाली ठेवायचे. "बघितल्याबिगर सही न्हाई. नोकरीत कवा केली न्हाई."

पहिलं रीडिंग एकशे एकवीस सेंटीमीटर. म्हणजे खांद्याच्या उंचीलाही जेमतेम. आठवडाभर तक्ता एकशे एकवीस आणि बावीसच्या मध्ये घुटमळला. मग सव्वीस. मग तीस. हान साहेबाकडं एक दिवसाआड शेक आणि सुई, घरी रोज सहा वेळा पाल. फेब्रुवारीच्या मध्याला तक्ता एकशे तेहतिसावर आला आणि अडून बसला. एक आठवडा, दुसरा आठवडा, तेहतीस म्हणजे तेहतीस.

आणि त्याच आठवड्यात ईश्वरशेठचं मशीन आलं.

आलं म्हणजे टेम्पोतून उतरून थेट स्वयंपाकघरात उभंच राहिलं. स्टीलचं, छातीएवढं उंच, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. "वापरायचं असं न्हाई, मावशी," ईश्वरशेठ नजर चुकवून म्हणाला, "ऑफर हुती म्हणून घिऊन ठिवलं." दाखवायला आलेल्या पोऱ्यानं पीठ टाकून बटण दाबलं. भाकरी गोल आली. इतकी गोल की ताईबाईंनी ती फिरवून फिरवून पाहिली. त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पुठ्ठा." पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

त्या संध्याकाळी त्या भिंतीपाशी गेल्याच नाहीत. चुलीपुढं पाय पसरून बसल्या.

"सोड तो तक्ता," सम्राटला म्हणाल्या. "तूच बरोबर. काय गुण येत न्हाई. उद्यापासनं सुई बंद, भिंत बंद. मशीनपुढं मी काय करनार?"

सम्राटला खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्याचाच मुद्दा सिद्ध होत होता. पण आईचा हरलेला चेहरा त्यानं आजवर पाहिला नव्हता आणि तो त्याच्या कुठल्याच मापात बसेना. त्यानं कपाटाचं दार उघडून तक्ता पाहिला. मग म्हणाला, "चाचणी अर्ध्यात सोडत नाहीत. ठरल्याप्रमाणं मार्चअखेर. उठ."

"तुला पटत न्हाई, तरी?"

"पटत नाही म्हणूनच. पुरी झाल्याशिवाय मी रिजेक्ट कसं करू? उठ, आबा पेन घेऊन बसलेत."

ताईबाई उठल्या. बोटं भिंतीवर टेकवली. एकशे तेहतीस. दुसऱ्यांदा, तेहतीस. तिसऱ्यांदा आबा चष्मा सारून टेपपाशी आले. "चौतीस," ते म्हणाले. "आर्धा कमी आसंल, पर मी चौतीस लिवतो."

"आबा!" सम्राट ओरडला. तक्त्यात साडेतेहतीस लिहिलं गेलं.

त्यानंतर खांदा सुटत गेला. मार्चच्या मध्याला रीडिंग दीडशेवर गेलं आणि टेप संपली. सम्राटनं दुसरी टेप आणून वर जोडली. आता खालची लागत नाही म्हणून सीमानं आपली जुनी टेप काढून मागितली. एकशे बासष्टला सम्राटनं स्वतःची रजा टाकली, ईश्वरशेठकडून आईचा अर्धा दिवस सोडवला आणि तिला शिरूरला नेलंच. तिथं एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीच्या डॉक्टर यायच्या, वैष्णवी नावाच्या, सीमाच्याच वयाच्या. त्यांनी हात फिरवून पाहिला, तक्त्याचा मोबाईलमधला फोटो मोठा करून पाहिला.

"छान सुटलाय की खांदा. हा व्यायाम कुणी सांगितला तुम्हाला?"

"कसला व्यायाम?" ताईबाई म्हणाल्या. "व्यायाम न्हाई केला. सुया घेतल्या, शेक घेतला."

"हा भिंतीचा. बोटांनी वर चढायचं, अडलं की थांबून मोजायचं, दिवसातून सहा वेळा. आखडलेल्या खांद्याला मी हाच देते. लोक दोन दिवस करतात आणि सोडतात. तुम्ही दोन महिने केलात!"

"ते तर माप हुतं," ताईबाई म्हणाल्या आणि सम्राटकडं बघितलं. सम्राट भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर फार लक्ष देऊन वाचत होता.

"मग सुयांचा काही उपयोग नाही ना?" त्यानं पोस्टरलाच विचारलं.

"असं मी कुठं म्हटलं? असा खांदा काही वेळा आपोआपही सुटतो. शेकानं, सुयांनी दुखणं कमी झालं असेल, दुखणं कमी म्हणून भिंतीवर चढता आलं असेल. किती वाटा कुणाचा, ते तुमच्या तक्त्यावरून मला नाही सांगता येणार. तुम्ही दोन्ही एकदमच सुरू केलंत." डॉक्टर हसल्या. "आणि मावशी, साखर तपासून घ्या. या खांद्याला साखरेची संगत आवडते."

साखर थोडी वर निघाली. ताईबाईंचा चहा त्या दिवसापासून फिका झाला, आणि सगळ्या प्रकरणात त्यांना मनापासून लागलं ते एवढंच.

परतीच्या एसटीत सम्राट खिडकीबाहेर बघत होता. ताईबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. उजव्या.

"म्हंजी दोन महिने मी तुझीच टिरीटमेंट घेत हुते. आन् तुला पत्ता न्हाई."

"तसं नाही, आई..."

"रविवारी सांग विहारात. लोकांचं दुखणं मापं घिऊन बरं करतो म्हण. रांग लागंल."

"आणि हान साहेब?"

"त्येंचाबी गुण हाय. त्येंनी दुखणं निववलं, तू भिंतीवर चढवलं. सीमाचं तेल हाय. आबांची सही हाय. गीताबाईनं तोंड उघडलं नसतं तर तू टेपच लावली नसती, म्हंजी तिचाबी हाय. माझा खांदा म्हंजी पंगत झाली, समदे जेवून गेले."

खरी पंगत मार्चच्या शेवटच्या शनिवारी झाली. लाईन चालू झाली, साहेब आले, चिनी आले, गच्चीवर सतरंज्या पडल्या. ताईबाई दुपारी चार वाजता परातीपुढं बसल्या. गच्चीवरच मांडलेली चूल, बाजूला भाजायला सीमा. ईश्वरशेठ मशीनचं प्लॅस्टिक सोडून तयारीत होता. तो जिना चढून यायचा, बघायचा, उतरायचा. वीस झाल्या. चाळीस झाल्या. साठ झाल्यावर खांदा कुरकुरायला लागला, तशा ताईबाई उठल्या, जिन्याच्या भिंतीला बोटं लावून तीन वेळा वर चढवली, आणि पुन्हा परातीपुढं बसल्या. पंगतीला बसलेले साहेब घास हातात धरून बघत राहिले. यांच्याकडं स्वयंपाकाची अशीच काही पद्धत असेल, असं समजून एकजण त्याचा व्हिडिओ काढत होता. हान साहेब पेटी घेऊन जवळ आला, तर ताईबाईंनी उलथनं उगारलं. "जावा, जेवा तुम्ही. आज सुई नको."

शहाण्णव भाकऱ्या झाल्या. गोल.

"मावशी, शंभराला चार कमी," ईश्वरशेठ म्हणाला.

"पीठ संपलं म्हणून. खांदा न्हाई संपला."

"मग आता मशीनचं काय करू?"

"ऱ्हाऊ द्या की. वर बरण्या ठिवायला बरं पडंल."

सोमवारी सकाळी ताईबाई गेस्ट हाऊसवर आल्या तेव्हा मशीनवर ओळीनं बरण्या मांडलेल्या होत्या. पण मिठाची बरणी त्यांनी मुद्दाम वरच्या फळीवरच ठेवायला लावली होती. स्टूल पायानं बाजूला सारून त्यांनी ती उजव्या हातानं काढली. तेवढ्यात दार वाजलं. दारात सम्राट. शनिवारी पंगतीच्या सतरंज्या आणि पिपं उचलून उचलून त्याची मान डावीकडं धरली होती. तो आईकडं बघत होता, पण तोंड फ्रिजकडं होतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "हान साहेब मोकळे आहेत का?"

हान साहेब थर्मास भरायला आलेलाच होता. त्यानं सम्राटकडं एकदा पाहिलं आणि जीभ बाहेर काढली. क्वालिटीच्या माणसानं इकडं तिकडं, म्हणजे मान वळत होती तेवढं, पाहिलं. कुणी नाही अशी खात्री केली आणि मुकाट्यानं आपलीही जीभ काढली. हान साहेबानं पेटी उघडली, स्टूल ओढलं, सुईचं पाकीट हातात घेतलं.

"थांबा!" ताईबाई म्हणाल्या. ती मान कालच हेरून त्यांनी पिशवीत टाकलेली सीमाची टेप काढली, एक टोक लेकाच्या हनुवटीला लावलं आणि दुसरं ताणून खांद्याला. "असं कसं? आधी रीडिंग. तीन येळा घ्यायची, सरासरी मी काढनार. आन् आबांना फोन लाव, सही लागंल."